सुमनला काय आवडायचं?

तुमच्या पत्रातला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. कादंबरी २००४ सालातली. रेवती बिजवराला दिलेली. सोलापुरातल्या साखर पेठेतलं जुनं घर, मागे यंत्रमागांची शेड, अंगणात आड. त्या आडात पडून पहिली बायको सुमन गेली, आणि ती अजून घरात आहे. मसुदा वाचलेल्या मैत्रिणींना पहिला अर्धा भाग घरगुती मालिकेसारखा वाटला आणि दुसरा भयकथेसारखा. ना भीती वाटली, ना रडू आलं. शेवटी हे सगळं रेवतीच्या मनाचे खेळ होते असं दाखवावं का, असं तुम्ही विचारलंय. आणि असं लिहून आपण अंधश्रद्धेला खतपाणी घालतो का, हेही.

मी बावीस वर्षं बायकांच्या आणि भुतांच्या गोष्टी लिहितेय, याच गावात बसून. तुमची पाठवलेली प्रकरणं दोनदा वाचली. तुमचं गद्य चांगलं आहे, घर डोळ्यांसमोर उभं राहतं. अडचण वेगळीच आहे. सुमन आडात कशी पडली यावर तुम्ही अकरा पानं खर्च केलीत. ती त्या घरात तीन वर्षं जगली, त्यावर दीड ओळ आहे. वाचणारीला सुमन भेटतच नाही, फक्त तिचं मरण भेटतं. मग रेवतीचा संसार एकीकडे चालतो, भूत दुसरीकडे चालतं, आणि दोन्हींना जोडणारी बाई मधे नसतेच.

बाईच्या भुताला आपल्याकडे नावं कशी पडली ते बघा. सवाष्णपणी गेली तर जखीण. बाळंतपणात गेली तर अळवंतीण. ओली बाळंतीण गेली तर हडळ. गावागणिक हे अर्थ थोडे सरकतात, पण बाईला नाव देताना लोक विचारतात ते एकच: लग्न झालं होतं का, आणि मूल? पुरुषांत मुंजा आहे, लग्नाआधी गेलेला. पण समंधाचा जीव धनात अडकू शकतो, जागेत अडकू शकतो. बाईचा जीव शिलाई मशीनमध्ये अडकला, अर्धवट सुटलेल्या बारावीत अडकला, शेजारणीला उसने दिलेल्या दीडशे रुपयांत अडकला, अशा भुताला भाषेत नावच नाही. तुमचं काम तिथे सुरू होतं. सुमनला गाव जखीण म्हणेल, म्हणू द्या. तिचा जीव कशात अडकला होता हे तुम्हाला माहीत पाहिजे, आणि ते आडात पडण्याच्या आधीचं असलं पाहिजे.

आता एक वस्तू सांगते, कारण तुमच्या कथानकाला ती चपखल बसते आणि तुम्ही ती वापरलेली नाही. पूर्वी बऱ्याच घरांत दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालत. चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची ठसठशीत आकृती. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग स्वतः नेसायचं. मी असा टाक हातात घेऊन पाहिलाय. अंगठ्याच्या नखाएवढा. डोळे-नाक घासून गेलेलं, फक्त कपाळावरचं कुंकू आणि बांगड्यांच्या रेघा उरलेल्या. मागची बाजू मात्र गुळगुळीत, आरशासारखी, कारण ती चाळीस वर्षं दुसऱ्या बाईच्या छातीवर घासत होती. म्हणजे जिचा चेहरा पुसला गेला ती पहिली, आणि जिच्या अंगाने ती मागची बाजू झिजली ती दुसरी.

रेवतीची सासू तिच्या गळ्यात हा टाक बांधते, तिथून तुमची कादंबरी सुरू व्हायला हवी असं माझं मत आहे. सध्या ती लग्नाच्या वरातीपासून सुरू होते. टाक गळ्यात पडला की संसार आणि भूत पहिल्याच पानावर एकाच धाग्यात येतात. मैत्रिणींना जाणवलेली फट तिथेच बुजेल.

दुसरी जागा अविधवा नवमीची. भाद्रपद वद्य नवमी, पितृपक्षातला तो दिवस नवऱ्यामागे न राहता गेलेल्या बाईचा. तिच्या नावाने सवाष्ण जेवायला घालतात, ओटी भरतात. तुमच्या मसुद्यात पितृपक्ष एका वाक्यात उरकलाय. थांबा तिथे. स्वयंपाक करणार रेवती. पहिलीच्या नावाचं ताट दुसरीने वाढायचं. आणि ताटात तिच्या आवडीचं काहीतरी असावं असा घराचा रिवाज. रेवती सासूला विचारते, "त्यांना काय आवडायचं?" सासू म्हणते, "पुरणच कर की, सगळ्यांना आवडतं." नवऱ्याला विचारते. तो टॉवेलच्या गठ्ठ्यावरून मान वर न करता म्हणतो, "तिचं काही नव्हतं तसं. काहीही खायची." नणंद फोनवर म्हणते, "वैनीला? थांब, आठवते." आणि तिला आठवत नाही. तीन वर्षं त्या घरात रोज दोन वेळा जेवलेल्या बाईला काय आवडायचं, हे त्या घरात एकालाही सांगता येत नाही.

माझ्या मते ही तुमच्या कादंबरीतली सर्वांत भयंकर जागा आहे. इथे पडदा हलायला नको, कुत्रं रडायला नको. रेवती ओट्यापाशी उभी आहे आणि तिला कळतं की उद्या मी गेले तर माझ्याबद्दलही हेच उत्तर येईल. मघापासून तुम्ही भीती आणि रडू वेगवेगळं शोधत होतात. ते इथे एकत्र येतं.

त्यानंतर सुमनने यावं. हळूच. नवमीच्या रात्री रेवतीला नुसत्या खमंग वासाने जाग यावी: शेंगा भाजल्याचा वास, लसूण, खलबत्त्यात कुटलेलं तिखट. सकाळी स्वयंपाकघर स्वच्छ, काहीच नाही. पण आता रेवतीला उत्तराचा एक तुकडा मिळालाय. ती शेंगाचटणी कुटते आणि कडक भाकरीबरोबर कोपऱ्यात ठेवते. पुढची शंभर पानं या दोघींचं हे देणं-घेणं चालू राहील. भूत काय मागतंय हे नायिका शोधतेय, आणि शोधता शोधता आपल्याला काय हवं होतं ते तिला आठवतंय, ही या प्रकारच्या लेखनाची खरी चाल आहे. बायकांच्या कादंबरीत भुताला घाबरवण्यापलीकडे एवढं तरी काम हवं.

घाबरवणं सोडा, असं माझं म्हणणं नाही. वाचणारीच्या अंगावर काटा यायला हवा. पण तुम्ही जी साधनं वापरलीत, पांढरी साडी, मोकळे केस, उलटे पाय, मांजर, ती सगळी बाहेरून आणलेली आहेत. आपल्या गावाकडे आपली साधनं आहेत. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आणि येतं ते कित्येकदा रात्री-बेरात्री. साऱ्या पेठेत अडीच वाजता बायका उठतात. म्हणजे भुताची म्हणतात ती वेळ इथे बायकांच्या कामाची वेळ आहे. रेवती अर्धवट झोपेत कळशी घेऊन नळाशी जाते आणि बघते तर पिंप काठोकाठ भरलेलं. नळाच्या तोंडाला गाळायचं फडकं बांधलेलं, दुहेरी गाठ मारून, वर दोऱ्याचा वेढा. रेवती एकेरी गाठ मारते. कुणीतरी भरलं असेल म्हणून ती झोपते. सकाळी सासू पाणी घ्यायला जाते, तिचा हात त्या गाठीवर जातो आणि तिथेच राहतो. ती काही बोलत नाही, गाठ सोडायला मात्र तिला फार वेळ लागतो. एका फडक्यात तीन बायका आल्या, आणि भूत कुठे दिसलंसुद्धा नाही. सासूला हातांची ओळख होती, याचा अर्थ तिने सुमनकडे कधीतरी पाहिलं होतं. तुमची सासू आत्ता नुसती खाष्ट आहे. या गाठीने तिच्यातही जीव येईल.

तसंच मागांचं. शहराच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला खट्याक-खट्याक आवाजात गाढ झोप लागते. जाग येते ती आवाज थांबल्यावर. वीज गेली, शेड गप्प झाली, रेवतीचे डोळे उघडले. त्या शांततेत तिला स्वयंपाकघरातून ऐकू येतं: "हुश्श." दिवसभराचं काम आटोपून बाई भिंतीला टेकते तेव्हाचं. हसणं नको, किंकाळी नको. मेल्यावरही दमलेली बाई वाचणारीला जास्त लागेल.

माझी आजी जुन्या मिलच्या आसपास राहिलेली. १८७७ साली सुरू झालेली ती मिल. गावाचं घड्याळ म्हणजे मिलचे भोंगे. मिल बंद पडून वर्षं झाली तरी आजी भोंग्याच्या वेळेला उठून चूल पेटवायची, डबा भरायला कुणी नव्हतं तरी. जे संपलं त्याच्या वेळेवर शरीर उठत राहतं. झपाटणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही भयकथेपेक्षा आजीच्या त्या उठण्यावरून कळलं.

सुमनचे नियम मात्र लिहून काढा, आणि मोजके ठेवा. ती कुणाला जाणवते? मी म्हणेन, घरात राबणाऱ्या बाईलाच, पुरुषांना नाही. ती काय हलवू शकते? जिवंतपणी ज्या वस्तूंना तिचा हात रोज लागायचा त्याच. तिला काय माहीत आहे? ती गेली त्या दिवसापर्यंतचंच. तुमच्या नवव्या प्रकरणात ती नवऱ्याच्या आजच्या कर्जाची बातमी देते. असं सर्वज्ञ भूत कथेतली सगळी ओढ घालवतं. आणि ती आली की रेवतीचं काहीतरी कमी व्हायला हवं, झोप, नवऱ्याचा विश्वास, माहेरी जायची मुभा. फुकट येणारं भूत मैत्रिणीसारखं होतं, आणि मग पुस्तक सैल पडतं.

बोलण्याचंही. तुमची सुमन छापील मराठी बोलते: "मला मुक्ती दे." कुठली बाई असं बोलते? रेवतीला ती "काय करालीस गं?" म्हणेल. रेवती तिला मनात "थोरल्या" म्हणेल, पुढे कधीतरी "अक्का" म्हणेल, आणि ती हाक बदलते ते पान वाचणारीच्या लक्षात राहील. आपल्या गावात चार भाषा एका बोळात नांदतात, त्याही येऊ द्या. माझ्या लहानपणी शेजारची कानडी आजी रात्री "देव्वा बंतु" म्हणायची. मला वाटायचं देव आला, मी हात जोडायचे. कानडीत देव्वा म्हणजे भूत, हे फार उशिरा कळलं. पण हात जोडायची ती सवय माझ्या लिहिण्यात राहिली, आणि ती मी मोडली नाही.

म्हणूनच एक गोष्ट आग्रहाने सांगते. तुमच्या टिपणात गड्ड्याच्या जत्रेतल्या कुंभारकन्येला भूत करायचा विचार आहे. तो सोडा. सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास लग्नाच्या अक्षता पडतात. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांशी लग्न करू मागणाऱ्या त्या कुंभाराच्या मुलीचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, ती आख्यायिका सगळं गाव जाणतं. मग होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, मणी-मंगळसूत्र आणि बांगड्या घालून ती अग्नीला दिली जाते. गर्दीत माझ्या शेजारी उभी असलेली बाई पदराने डोळे पुसताना मी पाहिलीय. जिच्यापुढे गाव हात जोडतं तिला आपण जखीण करू नये. पण त्या पेंढीकडे बघून एक शिका: गावाला एक बाई आठवायची असते तेव्हा तिला नेसवावं लागतं, सजवावं लागतं, कुणाच्या तरी हातांनी. रेवती गड्ड्याला जाते आणि परत येऊन सुमनची ट्रंक उघडते, एवढंच तुमच्या कथेला पुरेल.

किल्ल्यातली बाळंतिणीची विहीर घ्यायची असेल तर घ्या. तिच्या नावात बाई आहे, बाईचं नाव नाही. ते तुमच्या विषयाच्या जवळचं आहे.

आता माहेर. सुमनचं माहेर तुमच्या मसुद्यात नाहीच. लग्नाला तीन वर्षं झालेली सून आडात पडून जाते आणि कुणी चौकशीला येत नाही, हे २००४ सालात खपणार नाही. हुंडाबळीचं वेगळं कलम १९८६ मध्ये आलं. लग्नापासून सात वर्षांच्या आत बाई अशी गेली की पोलीस येतात, पंचनामा होतो, माहेरच्यांचे जबाब होतात. मग सुमनच्या आईने काय जबाब दिला? गप्प बसली का? का बसली, धाकटी लग्नाची होती म्हणून? तिथे एक अख्खं प्रकरण दडलेलं आहे. आणि भूत सासरीच का थांबलं हाही प्रश्न विचारा. आपल्या गोष्टींत सुनेचं भूत सासर सोडून माहेरी गेल्याचं मी फारसं ऐकलं नाही. कदाचित तिला तिथेही कुणी दार उघडलं नसेल. सुमनला शेंगाचटणी आवडायची हे सांगणारी बाई रेवतीला शेवटी तिथेच सापडेल, तिच्या आईच्या घरी.

अंधश्रद्धेबद्दल. हे मला जपून सांगायचंय, कारण यात माझी चूक झालेली आहे. माझ्या सुरुवातीच्या एका कथेत मी मांत्रिक आणला होता. तो सुनेला खांबाला बांधतो, छडी मारतो, भूत ओरडत निघून जातं, घर सुखी होतं. कथा छापून आली, कौतुक झालं. मग एका बाईचं पोस्टकार्ड आलं. तिच्या बहिणीला असंच बांधून मारलं होतं. "भूत निघालं नाही, बहीण निघून गेली," एवढंच लिहिलं होतं. ते कार्ड मी जपून ठेवलंय आणि ती कथा पुन्हा कुठल्याही संग्रहात घेतली नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, चटके देणं हा आता गुन्हा आहे. तुमचा काळ त्याआधीचा असला तरी वाचणारी आजची आहे. तुमच्या चौदाव्या प्रकरणातला मांत्रिक ठेवायचाच असेल तर त्याची छडी रेवतीच्या पाठीवर पडते तेव्हा आपण रेवतीच्या पाठीत असलो पाहिजे. आणि त्या छडीने काही साधता कामा नये. उलट त्या रात्री सुमन घाबरून कोपऱ्यात बसलेली दाखवा. ती अशीच एकदा बसली असेल, जिवंतपणी. कथेत भूत असल्याने अंधश्रद्धा वाढत नाही. मारणाऱ्याचा हात कथेने योग्य ठरवला की वाढते.

शेवटाचं तुमचं दुसरं टोक, मनाचे खेळ. ते करू नका. रेवती पुस्तकभर सांगतेय की घरात कुणीतरी आहे आणि सगळे तिला म्हणतायत, तुला भास होतात, तू फार विचार करतेस. बायका आयुष्यभर हे ऐकतात, दुखण्याबद्दल, नवऱ्याबद्दल, थकव्याबद्दल. तीनशे पानं तिच्या बाजूने चालवून शेवटच्या पानावर तुम्हीही तिला तेच सांगणार? वाचणारी पुस्तक मिटेल आणि पुन्हा तुमचं काही उचलणार नाही. तुमचा स्वतःचा भुतांवर विश्वास नसेल तर नसू दे, माझाही नाही. कथेच्या चौकटीत सुमन आहे, आणि लेखिकेने तिच्या असण्याची शपथ घेतलेली आहे.

मग शेवट कुठला? एक सुचवते, पटलं तर घ्या. अविधवा नवमीचं श्राद्ध रिवाजाप्रमाणे नवरा जिवंत असेपर्यंतच असतं. तो गेला की पहिलीचा तो दिवसही संपतो. तुमच्या कादंबरीत नवऱ्याला अखेरीस हृदयविकाराचा झटका येतोच. तो दवाखान्यात आहे, आणि घरात दोन बायका वाट बघतायत. एकीचं कुंकू जाणार, दुसरीची वर्षातली एक पंगत. सुमन इतकी कासावीस का झालीय हे रेवतीला तेव्हा कळतं. पुढच्या भाद्रपदात, सासूने नको म्हटल्यावरही, रेवती चटणी कुटते, भाकरी थापते आणि ताट वाढते. सुमन त्यानंतर राहते की जाते, ते तुम्ही ठरवा. मला स्वतःला ती राहिलेली आवडेल.

बाकी किरकोळ. साठ हजार शब्द पुरेत, मांत्रिकाचं प्रकरण निम्मं करा, आणि पहिल्या पाच हजार शब्दांत सुमनची एक तरी चाहूल असू द्या. नवमीचं प्रकरण सुटी कथा म्हणून लिहून एखाद्या दिवाळी अंकाला पाठवा. तीन-चार हजार शब्द, आणि पाऊस सुरू होता होता. गणपतीत पाठवलं तर अंक भरलेले असतात. त्या कथेवर येणारी पत्रं कादंबरीसाठी कामाला येतील.

आणि लिहायला बसण्याआधी घरात एकदा विचारून बघा: पणजीला काय आवडायचं? आईला विचारा, मावशीला, आत्याला. जे उत्तर येईल ते, आणि नाही आलं तर ती शांतताही, वहीत तशीच्या तशी उतरवा. नवमीच्या प्रकरणातले संवाद तिथून उचला, आणि ते झालं की मला पाठवा.